दोर बदलायचा आहे

मजकूरकाकांचं पत्र दुसऱ्या पानावर पोचल्याशिवाय मुद्द्याला हात घालत नसे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत ग्राहकांना पत्रं लिहिण्याचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडेच होतं, आणि हे नावही कार्यालयाने त्यांना त्यावरूनच बहाल केलं होतं. लिफ्ट सहा तास बंद राहणार एवढंच कळवायचं असलं, तरी काका आधी ग्राहकाच्या घरच्यांची प्रकृती विचारत, मग उभय संस्थांच्या स्नेहाला उजाळा देत, मग माणसाच्या उंच जाण्याच्या ओढीबद्दल चार ओळी लिहीत. हे सगळं यथासांग झालं, की नवा कागद घेत.

सोमवारी सकाळी मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. वडिलांनी धंदा सोपवून सहाच महिने झाले होते आणि तेवढ्यात बाईंनी कार्यालयातली निम्मी कपाटं आणि सगळे पडदे काढून टाकले होते. आता त्यांच्या हातात काकांचं पत्र होतं.

"काका, हे काय आहे?"

"पत्र आहे, बाई. फर्निचरच्या दुकानाला. बुधवारी त्यांच्या लिफ्टचा दोर बदलायचाय ना."

"ते मला माहितीये. पत्राला माहितीये का? दीड पान वाचलं, दोर काही आला नाही."

"येतो की! पुढच्याच परिच्छेदात येतो."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "तो आपला सगळ्यात मोठा ग्राहक. शनिवारी करार संपतोय. काय, कधी आणि त्यांनी काय करायचं, एवढंच लिहा. हा करार हातचा गेला ना काका, तर तुमची खुर्ची गोदामात. नट-बोल्ट मोजा. तिथे दुसरं पान लागत नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. गोदामात खिडकीसुद्धा नव्हती. ते तडक रस्ता ओलांडून समोरच्या औषधांच्या दुकानात गेले. काकू तिथे कामाला होत्या आणि एका पुडीवर 'जेवणानंतर एक' असं लिहीत होत्या. काकांचं सगळं गाऱ्हाणं त्यांनी पुडी चिकटवता चिकटवता ऐकलं, दुसरी पुडी ओढली आणि तिच्यावर लिहिलं: 'बुधवारी दहा ते चार लिफ्ट बंद. दोर बदलायचा आहे. जिन्याने जावे. तसदीबद्दल क्षमस्व.'

"अगं, पण यात आपुलकी कुठाय?"

"क्षमस्व म्हटलंय की."

"आणि सुरुवात?"

"अहो, बुधवार हीच सुरुवात. जा आता, मागे रांग लागलीय."

काकांनी ते जसंच्या तसं टाइप केलं. मेकॅनिकच्या हाती पत्र देताना त्यांना कुणाला तरी उघडंच बाहेर पाठवल्यासारखं वाटलं. बारा वाजता पत्र गेलं आणि साडेबाराला फोन वाजला. फर्निचरवाले दुकानदार होते.

"दोर बदलायचाय म्हणजे? काय झालं दोराला?"

"काही नाही हो. दर दोन वर्षांनी बदलतोच आपण."

"कधी? आम्हाला तर कधी सांगितलं नाहीत!"

"चौदा वर्षांत सहा वेळा कळवलंय. दुसऱ्या पानावर."

"दुसरं पान... ते आमची माणसं मापं लिहायला घेतात. मागून कोरं असतं ना. पण ते राहू द्या. इथे सगळे घाबरलेत. भीतीचं कारण नाही असं लगेच लिहून पाठवा."

काकांनी या वेळी काकूंनाही विचारलं नाही. आता त्यांना जमायला लागलं होतं. 'घाबरू नये. दोर तुटलेला नाही.' हे पत्र गेलं, आणि पुन्हा फोन आला.

"तुटलेला नाही? म्हणजे तुटायच्या बेतात होता का?"

काकांनी तिसरं पत्र पाठवलं. 'दोर अजून मजबूत आहे.'

"अजून म्हणजे कधीपर्यंत?" दुकानदार आता ओरडतच होते. "तिन्ही पत्रं लिफ्टच्या दारावर लावलीत. गिऱ्हाइकं ओळीने वाचतात आणि तळमजल्यावरूनच घरी जातात! आणि माझी आई! सकाळी डोळे तपासायला खाली उतरली. घर आमचं सातव्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही आणि तुमची पत्रं वाचून लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. दर्शनी काचेमागच्या पलंगावर ठाण मांडून बसलीय, आणि येईल त्याला सांगतेय की पलंग करकरतो!"

"करकरतो का?" काकांनी काळजीने विचारलं.

"तो प्रश्न नाहीये! आई संध्याकाळपर्यंत वर गेली नाही, तर करार विसरा!"

आवाज केबिनपर्यंत पोचला होता. मालकीणबाई दारात आल्या. "काका, स्वतः जा. आणि कृपा करून चौथं पत्र नको."

दुकानाच्या काचेबाहेर पंधरा-वीस माणसं जमली होती. आत, मखमली पलंगाच्या मधोमध आजी चष्मा पुसत बसल्या होत्या. जवळच एक जोडपं उभं होतं आणि आजी त्यांना सांगत होत्या, "त्यापेक्षा कोपऱ्यातला घ्या. दिसायला बरा नाही, पण पाठ दुखत नाही." हिशेबाच्या टेबलामागे दुकानदार डोकं धरून बसले होते.

काका पुढे झाले. "आजी, मी लिफ्टच्या कंपनीतून आलोय. मीच पत्रं लिहितो."

आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही नवीन दिसता. आधीचे गृहस्थ कुठे गेले? बरे आहेत ना?"

"आधीचे कोण?"

"चौदा वर्षं लिहायचे ते. काय लिहायचे हो! माझे गुडघे कसे आहेत, हे त्यांच्याशिवाय कुणी विचारलं नाही. पोटच्या पोरानंसुद्धा नाही. पहिलं पान मुलगा मला वर पाठवून द्यायचा. सगळी जपून ठेवलीत मी. शेवट कधी कळायचा नाही, पण शेवटाची कुणाला घाई होती?"

काका पलंगाच्या कडेला टेकले. बावीस वर्षांत त्यांना भेटलेला हा पहिला वाचक होता. "आजी," ते हळूच म्हणाले, "तो मीच."

"तुम्ही?" आजींचा चेहरा पडला. "मग हे असं काय लिहिलंत? 'जिन्याने जावे'! आता तर काही खरं नाही. एवढा प्रेमळ माणूस दोन शब्दांत आटपतोय, म्हणजे दोर नक्कीच गेला!"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर विक्रीसाठी ठेवलेलं एक सुरेख लिहायचं टेबल होतं. ते त्याच्यापुढे बसले, दुकानदारांकडून कागद मागून घेतला आणि मन भरून लिहिलं. गुडघ्यांची चौकशी केली, डोळ्यांची केली, चौदा वर्षांचा स्नेह आठवला. पण आता तेही शहाणे झाले होते. जुना दोर उत्तम आहे, वेळापत्रकाप्रमाणेच तो बदलायचा आहे आणि बुधवारी दहा ते चार लिफ्ट बंद राहील, हे सगळं त्यांनी पहिल्याच पानावर, सहाव्या ओळीच्या आत बसवलं. दुसरं पान घेतलंच नाही.

आजींनी पत्र दोनदा वाचलं. "आता कसं! चला. पण आधी तुम्ही आत शिरा."

काका दाराशीच थांबले. बावीस वर्षं लिफ्टवर लिहिलं होतं, पण कार्यालय तळमजल्यावर आणि घर पहिल्या मजल्यावर असल्यामुळे लिफ्टमध्ये बसायची वेळ फारशी आली नव्हती. दार लागलं. आजी तिसऱ्यांदा पत्र वाचत होत्या. चौथ्या मजल्यावर लिफ्ट किंचित हलली आणि काकांनी आजींचा हात घट्ट धरला.

"अहो, अजून मजबूत आहे," आजी म्हणाल्या.

बुधवारी दोर बदलला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. काकांनी एकदा गोदामात डोकावून नट-बोल्टही पाहून घेतले. शनिवारी सकाळी फर्निचरच्या दुकानातून पाकीट आलं. मालकीणबाईंनी उभ्याउभ्याच फोडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. आत एकच ओळ होती: 'करार पुढे चालू ठेवत आहोत.'

"बघा काका! असं लिहायचं असतं. आणि खुर्ची तुमची तुमच्याजवळ."

काकांनी कागद घेतला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "दुसरं पान नाही आलं?"

"नाही."

"प्रकृतीची विचारपूस नाही. चौदा वर्षांचा उल्लेख नाही." काका खुर्चीत टेकले. "बाई, 'ठेवत आहोत' म्हणजे खुशीने की नाइलाजाने?"

"काका, काहीतरीच काय! करार मिळालाय आपल्याला." बाई हसल्या, पण दारापर्यंत जाऊन परत आल्या. त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि ती ओळ सावकाश वाचली. "पण काका... 'पुढे' म्हणजे कुठपर्यंत?"

मग बाईंनीच फोन काकांपुढे सरकवला आणि काकांनी नंबर फिरवला.

"हॅलो, मी लिफ्टच्या कंपनीतून बोलतोय. पत्र पोचलं तुमचं. आमचं काही चुकलं का हो?"