क्यू आला, यू अजून नाही

आमच्या कॉलनीत सकाळी दूधवाल्याच्या आधी हिलालनानांचा आवाज येतो. "लक्ष द्या! क्यू आलेला आहे. यू अजून आलेला नाही. प्रवाशांनी शब्द सुचवावेत!"

नवीन भाडेकरू घाबरतात. एकानं मला हळूच विचारलं, "हा यू कोण? घरातून पळून गेला का?" मी सांगितलं, भाऊ, ते इंग्रजी अक्षर आहे. मोबाईलवर शब्दांचा खेळ असतो. हातात सात अक्षरं येतात, त्यांचे शब्द करून पटावर लावायचे, समोरच्यानं त्याला आपला शब्द जोडायचा. मार्क जास्त तो जिंकला. तो म्हणाला, "मग एवढं बोंबलायचं कशाला?"

त्याला नाना कुठे माहीत! नाना धुळ्याच्या बसस्टँडवर माईकवर बसायचे. रिटायर झाल्यावर पोराकडे जळगावला आले. माईक तिकडेच राहिला, आवाज सोबत आला. चहा पाहिजे असला की खुर्चीतून घोषणा: "चहा फलाटावर लावण्यात यावा!" आतून सुमनअक्का म्हणतात, "गाडी रद्द शे. दूध फाटी गयं."

बाकी वेळ नाना अक्षरं शोधत हिंडतात. सिग्नलला नंबर प्लेटा वाचतात. सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न मारतात, नाना स्कूटरवर ओठ हलवत तसेच. एकदा सराफ बाजारात एका दुकानाच्या पाटीकडे इतका वेळ बघत उभे राहिले, की वॉचमन काठी घेऊन आला. "आबा, काय पाहिजे?"

"झेड," नाना म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात गच्चीवर भरीत पार्टी होती. आम्ही भाजलेली वांगी ठेचतोय, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जाताहेत, आणि नानांची किंकाळी! हातात बरोब्बर 'भरीत'ची इंग्रजी अक्षरं आली होती. लावली. असा शब्दच नाही म्हणून खेळानं परत केली.

"डाळ चालस, रोटी चालस, घी चालस, अन् भरीत नही?" नाना लाल झाले. "हाई काय डिक्शनरी शे? कोणी जेवाले बलावं नही वाटतं यासले!" रागारागात सगळ्यांपेक्षा जास्त पुऱ्या त्यांनीच खाल्ल्या.

समोरून खेळायचे रशीदसर. धुळ्याचे, इंग्रजीचे मास्तर. रोज बसनं शिंदखेड्याच्या शाळेत जायचे. एक दिवस नानांनी हौसेनं इंग्रजीत घोषणा ठोकली: "शिंदखेडा बस इज नॉट कमिंग बिकॉज इट इज लेट." सर तडक माईकच्या खोलीत घुसले. "हे बिकॉज कुठून आणलं?"

"लोक विचारतात ना गाडी का नाही आली. म्हणून बिकॉज."

तिथून जे भांडण लागलं, ते दोघं रिटायर झाले तरी चालू. मग मोबाईलवर खेळ सापडला आणि भांडणाला पट मिळाला. सरांना एकदा, फक्त एकदा हरवायचं, एवढंच नानांचं आयुष्यातलं मागणं. कधीच जमलं नाही. सर इंग्रजी शिकवत होते, नाना नंबर प्लेटा वाचत होते. कसं जमणार?

या दिवाळीनंतर मात्र नानांची मागणी बदलली. मला जिन्यात अडवलं. "भो, यू असलेला शब्द सांग. इज्जतदार पाहिजे. पण मार्क कमी."

"कमी?"

"एकदम कमी नको. सरांना संशय यायला नको."

मला वाटलं नाना उलटं बोलताहेत. मी मोबाईल घेतला. हातातल्या अक्षरांत क्यू, यू, आय, झेड, सगळे हजर! "नाना, क्विझ! लावा की! डाव संपत आलाय, सर गार पडले समजा!"

"माले ठाऊक शे." नानांनी शांतपणे अक्षरं उचलली आणि लावलं काय, तर 'बस'. तेही पटावरच्या तिप्पट मार्कांच्या लाल घराच्या अगदी शेजारी. त्या घरातून सर शब्द काढणार आणि मार्क खिशात टाकणार.

"अहो नाना! जन्मभर हरलात. आज जिंकत होतात ना!"

नाना हळू आवाजात बोलले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हाच कळलं. "सरांना पॅरालिसिस झाला, दिवाळीत. समजतं सगळं. बोट चालतं. बोलताना जीभ अडकते, म्हणून लाजतात. डॉक्टर म्हणतात बोला, बोलल्यावरच सुधरेल. पोरगा, सूनबाई, सगळे पाया पडले. एक शब्द नाही." नानांनी चष्मा पुसला. "पण जिंकले की सरांना मला चिडवल्याशिवाय राहवत नाही. पहिल्यापासून. आता हरलेला माणूस काय चिडवणार? सांग."

मी जिन्यातच बसलो, नानाही बसले. मोबाईल दोघांच्या मध्ये.

बऱ्याच वेळानं सरांचा शब्द आला. लाल घर बरोबर पकडलं होतं. डाव संपला, सर जिंकले. आणि मग आवाजाचा मेसेज आला.

आधी नुसता श्वास. मागून कोणीतरी म्हणतंय, "अब्बा, बोला, बोला ना." परत श्वास. मग ओढत, अडखळत: "हि... लाल. गा... अवा."

नानांनी परत लावला. मग परत, आवाज मोठा करून. सुमनअक्का पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "कोण शिव्या दी राहिना?"

"सर!" नाना असे म्हणाले, जणू पोरगा बोर्डात पहिला आला.

अक्का तिथेच चौकटीला टेकल्या. नानांनी मोबाईल कानाला लावून अजून एकदा ऐकलं, डोळे मिटून, मान वाकडी करून.

"गाढवातला 'ढ' कच्चा आहे अजून," ते म्हणाले. "आणखी दोन-चार डाव हरावे लागतील."