काचेतलं ऊन

देवानंदला उन्हाचा राग होता. भीती म्हणत नाही, कारण भीती म्हटलेलं त्याला खपत नसे. कामठा गावच्या शेतकरी बकारामचा हा एकुलता एक मुलगा. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की लहानपणी त्याचं पोट दुखायचं, कापणी आली की डोकं, आणि मधल्या काळात प्रकृती ठणठणीत. पुढे तो बी. कॉम. झाला, तेही काही हिशेबाच्या ओढीनं नव्हे. कॉमर्सवाल्यांना सावलीत बसवतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा खरं बोलला. देवानंद आमगावच्या एका राइस मिलमध्ये मुनीम म्हणून लागला, आणि तेव्हापासून ऊन त्याच्याकडे फक्त दुरूनच बघत आलं. घर ते मिल त्याच्या डोक्यावर छत्री. पावसाळ्यात पावसासाठी, उन्हाळ्यात उन्हासाठी आणि हिवाळ्यात सवय मोडू नये म्हणून.

यंदाच्या श्रावणात मात्र त्याच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. मग कंबर. मग खुर्चीतून उठताना त्याच्या तोंडून असा काही आवाज निघू लागला की हमाल पोतं टाकून धावत येत. त्याची बायको रेणू अंगणवाडी सेविका. गावातल्या पोरांकडे नुसतं बघून कोण अशक्त आहे ते ती ओळखायची. तिनं दोन दिवस नवऱ्याकडे तसंच बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला गोंदियाला नेऊन त्याचं रक्त काढवलं.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला.

"विटामिन डी बारा है. तीस तो होना चाहिए. धूप में जाते हो?"

"नाही," देवानंद म्हणाला. (हे त्यानं थोड्या अभिमानानंच सांगितलं.)

"मासे, अंडी?"

"आता श्रावण हाय ना, मॅडम."

"आणि श्रावणाच्या आधी?"

"आंदी मन नव्हतं," रेणूनं परस्पर सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. अंगावर ऊन पडलं की त्यातून शरीर हे बनवतं. पावसाळाभर आभाळात ढग, ढग हटले तर डोक्यावर छत्री, आणि ताटात मासे नाहीत, अंडी नाहीत. मग रक्तात येणार कुठून? दुपारच्या आधी रोज अर्धा तास हातापायांवर ऊन घ्यायचं, श्रावण संपला की मासे-अंडी खायची, आणि दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासायचं. नाही वाढलं तर गोळ्या सुरू करू.

दुसरा कुणी असता तर घरी येऊन अंगणात खाट टाकून पडला असता. पण दुसरा कुणी बी. कॉम. नव्हता. देवानंदनं रात्रभर विचार केला आणि सकाळी मिलमध्ये जाऊन एक छोटासा निर्णय घेतला. त्यानं आपलं टेबल खिडकीपाशी सरकवलं.

मिलच्या ऑफिसला आवाराकडे तोंड करून भली मोठी काच होती, कायमची बंद. ढग नसले की दहापासून तिच्यातून लख्ख ऊन आत यायचं. टेबल असं बसलं की पायांवर ऊन आणि डोक्यावर पंखा. देवानंदनं पँट गुडघ्यांपर्यंत वर दुमडली, बाह्या खांद्यापर्यंत चढवल्या, तांदळाच्या पोत्यावर दोन्ही पाय ठेवले आणि डोळे मिटले. ऊन लागत होतं, पण ऊन लागल्याचा त्रास होत नव्हता. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

तेवढ्यात कामठ्याचा बिसराम खायचं धान भरडायला घेऊन आला. मुनीमजींचे उघडे पाय बघून तो दारातच थांबला.

"मुनीमजी, पायाले का झालं?"

"काही नाही. ऊन देऊन राहिलो."

"पायाले?"

"रक्ताले."

बिसरामचा सगळा जन्म धानात गेलेला. धान ओलं निघालं की मिलवाला परत पाठवतो आणि मग ते अंगणात पसरून वाळवावं लागतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. संध्याकाळी कामठ्याच्या पानठेल्यावर तो म्हणाला, "बकारामच्या पोराच्या रक्तात ओल धरली. डॉक्टरनं वाळवाले सांगतलं." ठेल्यावरून ही बातमी विहिरीवर गेली, विहिरीवरून बकारामच्या ओसरीवर. तिथे पोचेपर्यंत देवानंदच्या रक्ताचं पाणी झालं होतं आणि पाय गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बकाराम आणि देवानंदची आई रुख्मा आमगावात उतरले ते थेट मिलमध्येच. रुख्माच्या एका हातात तुपाची बरणी आणि दुसऱ्या हातात जिवंत कोंबडी. काचेपलीकडे पाय पसरून, डोळे मिटून पडलेला मुलगा दिसताच तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं देवानंद खुर्चीतून ताडकन उठला.

"उठला वं!" बिसराम ओरडला. (तोही मागोमाग आला होता. ज्याची बातमी, त्याला शेवट बघावासा वाटणारच.)

सगळा खुलासा व्हायला बराच वेळ लागला. मुलगा चालतो आहे हे पाहून रुख्माचा जीव भांड्यात पडला, पण बकारामचं डोकं तापलं.

"ऊनच पायजे होतं तं माह्या धानाच्या बांधीत का कमी हाय? तू अथी काचेत बसून का करून राहिला?"

"बाबा, हे शास्त्रीय हाय."

"का हाय?"

"म्हंजे... डॉक्टरनं सांगतलेलं हाय."

"डॉक्टरनं काचेत बस म्हनलं?"

देवानंद गप्प बसला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भोवती हमाल जमले होते, बिसराम होता, दारात मिलचे मालक शेठजीही येऊन उभे होते. बकारामनं सगळ्यांसमोर विचारलं, "दिवाळीनंतर रक्त तपासशील ना? वाढलं तं मी जन्मात तुह्यापुढं वावराचं नाव काढनार नाही. नाही वाढलं तं कापनीले येशील? इळा धरशील?"

जन्मात वावराचं नाव नाही! देवानंदच्या डोळ्यांपुढे उरलेलं सगळं आयुष्य सावलीत पसरलं. छाती फुगवून तो म्हणाला, "धरीन!"

त्या दिवसापासून त्यानं काचेतल्या उन्हाचा एक खाडा केला नाही. रविवारी मिल बंद असायची तर चौकीदाराकडून ऑफिस उघडून घ्यायचा. श्रावण संपला, पोळा झाला, गणपती गेले, ढग विरळ झाले आणि ऊन चांगलंच तापू लागलं. पोटऱ्यांचं दुखणं काही थांबलं नव्हतं, पण त्याचं म्हणणं, गुण आतून येतो आहे. रेणूनं अंडी उकडून पुढे ठेवली तर तो ताट सरकवायचा.

"ऊन चालू हाय ना. अंडे कायले?"

"मॅडमनं दोन्ही सांगतलं होतं. अन् ऊन उघड्यावर घ्याले सांगतलं होतं."

"काचेतून आरपार दिसते का नाही?"

"दिसते."

"मंग ऊन काऊन नाही येनार?"

रेणूनं अंडी घरच्या पोरांना वाढली. तिला दिवसभर अंगणवाडीत असेच प्रश्न विचारणारी पोरं भेटत. पण ती तीन-चार वर्षांची असत.

दिवाळी झाली. रिपोर्ट आला. देवानंदनं तो पाकिटातून ऐटीत काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला, उघडून बघायचीही गरज त्याला वाटली नव्हती. त्यांनी बघितलं, मग देवानंदकडे बघितलं, मग पुन्हा रिपोर्टकडे.

"दहा."

"वाढलं?"

"कम हो गया. बारा था. तुम्ही ऊन घेतलं नाही?"

"घेतलं ना, मॅडम! रोज! काचेपाशी बसून!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काचेतून उजेड येतो, गरमी येते, पण ज्या किरणांचं काम असतं ती काच अडवते. "तुम्ही तीन महिने नुसते तापलात."

रेणूनं पदर तोंडाशी धरला आणि भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. रडत नव्हती, एवढं नक्की.

"मग गोळ्या द्या," देवानंद घाईघाईनं म्हणाला. "चांगल्या मोठ्या द्या. कितीबी घेतो."

"गोळ्या नंतर," रेणू वळून म्हणाली. "आंदी तोंडानं बोलले ते करा." आणि दवाखान्याच्या पायरीवरूनच तिनं कामठ्याला फोन लावला. पलीकडून बकारामचा आवाज रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू गेला, "इळ्याले धार लावून ठेवतो म्हना!"

शब्द दिला होता, तोही शेठजींसमोर. रजा मिळत नाही म्हणायचीही सोय उरली नाही. शेठजींनी हसत हसत आपणहून दिली. देवानंद कामठ्याला गेला, आणि पहिल्या सकाळी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिला तेव्हा कापणीच्या बायांनी इळे खाली ठेवले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर जुनं स्वेटर, हातमोजे, पायमोजे, माकडटोपी, वरून रेणूचा दुपट्टा आणि डोळ्यांवर काळा चष्मा. शब्द कापणीचा दिला होता, उन्हाचा नव्हे, असा त्यानं मनाशी हिशेब केला होता.

"हे कोन वं?" कापणीतल्या बायांची पुढारीण मंगली म्हणाली. "पाखरं हाकलाले आनलं का?"

पहिल्या दिवशी बाया बांधीच्या त्या टोकाला पोचल्या तेव्हा देवानंद या टोकापासून जेमतेम दोन हात पुढे होता. तो धानाचा एकेक ठोंब मुठीत धरायचा, इळा लावायचा, थोडा विचार करायचा आणि मग ओढायचा.

"मुनीमजी," मंगली तिकडून ओरडली, "ते धान हाय. त्याची मनधरनी नोका करू, कापा!"

तो कापत राहिला. काय करणार? संध्याकाळी कंबर वेगळी काढून ठेवता आली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. पण दुपारी धुऱ्यावर रुख्मा जेवण घेऊन यायची. रस्सा-मासोळी आणि भात, कधी झिंग्यांची भाजी, घरच्या कोंबडीची अंडी. घरी ताट सरकवणारा देवानंद इथे मासोळीचा काटासुद्धा चोखून टाकायचा. भूक काय असते ते त्याला नव्यानं कळलं होतं.

हळूहळू हात बसला. एका दुपारी तर तो मंगलीच्या बरोबरीनं टोकाला पोचला. (मंगली मध्येच तंबाखू मळायला थांबली होती, पण ते कशाला सांगायचं.) शेवटची बांधी कापून झाली तेव्हा धुऱ्यावरून चाललेल्या कुणाला तरी बकाराम म्हणाला, "माहा पोरगा कापते. पाह्य." एवढंच. देवानंदनं माकडटोपीतून ते ऐकलं. बापानं त्याच्याबद्दल असं कुणाला सांगितलेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं, इतकं की तो थोडा वेळ पाठ करून उभा राहिला.

पोटऱ्याही आता कमी दुखत होत्या. मळणी आटोपल्यावर सगळे गोंदियाला गेले. बकाराम धुतलेलं धोतर नेसून मुद्दाम आला होता.

"एकोणीस!" डॉक्टरीणबाई खूष झाल्या. "अजून तीस नाही, पण दहावरून एकोणीस. काय केलं?"

"वावर," बकाराम म्हणाला. "वावरातलं ऊन हाय ते, मॅडम. काचेतलं नोहे."

"बहुत अच्छा. कापताना हात उघडे होते ना?"

देवानंदनं खाली बघितलं. "हातमोजे होते."

"पाय?"

"पायमोजे."

"चेहरा?"

"माकडटोपी. वरून दुपट्टा."

"तो फिर धूप लगी कहाँ?"

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाया क्या?" आणि रुख्मानं मासोळीपासून अंड्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या हसल्या. "मग हे जेवणाचं काम आहे. उन्हाचा यात काही हात नाही."

देवानंदच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "म्हंजे मॅडम, हीच मासोळी मी मिलमध्ये पंख्याखाली बसून खाल्ली असती, तरी हे एवढं वाढलं असतं?"

"आराम से."

त्याला राग यायला हवा होता. एवढी कंबर मोडून घेतली ती फुकटच. पण त्याला आनंदच इतका झाला की तो उभाच राहिला. "ऐकलं, बाबा? ऐकलं ना? वावराचा काही संबंध नाही!"

बकाराम बोटांवर काहीतरी मोजत होता.

"मॅडम, झाकून एकोनीस झालं ना?"

"हो."

"मंग उघड्यानं किती होईल?"

"मासे-अंडी चालू ठेवून? तीसच्या वर जायला हरकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त थंडीचं ऊन मऊ असतं, जास्त वेळ घ्यावं लागेल."

"घेईल ना. उन्हाळी धानाची रोवनी येऊन राहिली. दिवसभर घेईल."

देवानंदनं मोठ्या आशेनं रेणूकडे वळून बघितलं. रेणू जागेवर नव्हती. खिडकीतून दिसलं, ती समोरच्या कपड्यांच्या दुकानातून रस्ता ओलांडून येत होती. तिच्या हातातल्या पुडक्यात बिनबाह्यांची दोन बनियनं होती आणि एक हाफपँट. आत येऊन तिनं हाफपँट तिथेच, डॉक्टरीणबाईंसमोर, नवऱ्याच्या कमरेला लावून पाहिली.

"थोडी सैल हाय," ती म्हणाली.

"राहू दे," बकाराम म्हणाला. "चिखलात सैलच बरी."