टपावरचं टेबल

लेकीच्या छोट्या गाडीच्या टपावर टेबल चढवायचं होतं. दहा मिनिटांचं काम. पण वडिलांनी ते आपल्या अंगावर घेतलं, तेव्हाच लेकीने घड्याळात बघायचं सोडून दिलं.

वडिलांनी अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या टपावरची कॅरिअर तपासली होती. प्रयोगशाळेत कॅरिअर टपावर बसवायचं, त्यावर वजन बांधायचं, यंत्राने ते पुढे, मागे आणि आडवं ओढायचं आणि बोटभर जरी सरकलं तरी कागदावर ‘नापास’ असा शिक्का मारायचा. सगळे त्यांना पाठीमागे नापाससाहेब म्हणत, आणि निरोपाच्या भाषणात एकाने ते तोंडावरही म्हणून टाकलं. एकदा तर कॅरिअर तसूभर हललं नव्हतं, तरी त्यांनी ते परत पाठवलं, कारण कंपनीने कुलपाला एकच किल्ली दिली होती. किल्ल्या दोन द्यायच्या असतात, असा नियम आहे.

निवृत्त होऊन त्यांना महिना झाला होता, बायको जाऊन दोन वर्षं. महिनाभरात त्यांनी घरातली प्रत्येक खुर्ची हलवून पाहिली होती. जेवताना समोर लेक बसायची, म्हणून घर घर वाटायचं. आता तिला दुसऱ्या गावात नोकरी लागली होती आणि आज ती निघाली होती. आठवड्यापूर्वी ती म्हणाली होती, "बाबा, चार दिवस चला ना माझ्याबरोबर." ते म्हणाले होते, "मी येऊन काय करू?" हे नुसतं म्हणायचं असतं. तिने पुन्हा विचारलं की हो म्हणायचं, असा त्यांचा बेत होता. लेकीने पुन्हा विचारलंच नाही. तिने ‘बरं’ म्हणून मान डोलावली, आणि त्या एका ‘बरं’वर नापाससाहेब आठ दिवस कुढत होते.

"हे कॅरिअर कुठून आणलंस?" त्यांनी गाडीभोवती फेरी मारत विचारलं.

"मैत्रिणीचं आहे."

"तिने तपासून घेतलं होतं?"

"तीन वर्षं सामान नेतेय ती त्यावरून. काही झालं नाही."

"अजून झालं नाही, एवढंच म्हणता येईल."

मैत्रिणीचं कॅरिअर उतरलं आणि माळ्यावरचं त्यांचं स्वतःचं, कुलूपवालं कॅरिअर टपावर चढलं. मग न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आला. शेजारचे मास्तर आधी टेबल कवेत घेऊन काट्यावर उभे राहिले आणि मग नुसतेच उभे राहिले. या हिशेबात मास्तरांचं वजन त्यांनी बायकोला सांगितलेल्या आकड्यापेक्षा सहा किलोने जास्त निघालं. त्यांच्या विनंतीवरून ते कुठे लिहिलं नाही. टपाला पन्नास किलो चालत होते, त्यातून कॅरिअरचं वजन गेलं, आणि टेबल तीन किलोने भारी ठरलं. त्याचे खण काढून मागच्या सीटवर ठेवले.

"आता निघू?" लेकीने विचारलं.

"आणि बांधायचं कोणी?"

बांधायची पद्धत त्यांची ठरलेली होती. लेक स्टिअरिंगपाशी बसली, ते तिच्या शेजारी. दारं लावून घेतली. मास्तर बाहेरून पट्टा टेबलावरून फेकायचे, आतल्या दोघांनी तो एका खिडकीतून घेऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर द्यायचा. एक वेढा पुढच्या खिडक्यांतून, एक मागच्या. शेवटी पट्ट्याची दोन्ही टोकं डोक्यावर आली, तिथे नापाससाहेबांनी खटक्याने ती करकचून आवळली, वर कुलूप घातलं आणि किल्ली खिडकीतून मास्तरांच्या हातात दिली. चाचणी होईपर्यंत किल्ली बाहेरच्या माणसाकडे, हाही नियमच होता. मास्तर ती घेऊन अंघोळीला गेले.

"आता भूकंप आला तरी हलणार नाही," नापाससाहेब समाधानाने म्हणाले आणि उतरण्यासाठी त्यांनी दार ढकललं.

दारही हललं नाही.

लेकीने आपलं दार ढकलून पाहिलं, मग मागे वळून मागच्या दारांकडे पाहिलं. चारही दारं पट्ट्याने आवळली होती. काचा अर्ध्याच उतरत होत्या.

"बाबा, तुम्ही आपल्याला गाडीत बांधून घातलंय."

"आमच्याकडे असं कधी झालं नाही."

ते खोटं नव्हतं. प्रयोगशाळेत गाडीच नव्हती. एका जुन्या गाडीचा नुसता टप कापून चार लोखंडी खांबांवर बसवला होता. अठ्ठावीस वर्षं ते त्याच्याखालून वाकून ये-जा करत होते. दुपारचा डबाही त्याच टपाखाली एकटे बसून खायचे, कारण ज्यांची कॅरिअर नापास केली ते जेवायला बोलवत नसत. त्या टपाला दारं नव्हती.

त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथे थोडा घुटमळला आणि कान खाजवून परत मांडीवर आला.

"हॉर्न वाजवू का?" लेकीने विचारलं.

"मास्तरांची अंघोळ पाऊण तासाची असते. तोवर ब्रेकची चाचणी घेऊन टाकू."

लेकीने गल्लीत फेरी मारली. ते "दाब" म्हणाले की ती ब्रेक दाबायची. मागचे खण पुढे आले, नापाससाहेबांचा चष्मा पायाशी पडला, टेबल मात्र जागचं हललं नाही. परत घरापाशी आले तेव्हा मास्तर पंचा गुंडाळून फाटकात उभे होते आणि किल्ली हलवत होते. लेकीने समोर पाहत गाडी तशीच पुढे काढली.

"आणखी एक फेरी," ती म्हणाली.

ही फेरी हमरस्त्याला लागली.

"अगं, घर उघडं आहे."

"मास्तर लावतील कुलूप. सांगते फोन करून."

"पायात घरातल्या चपला आहेत."

"तिकडेही चपला मिळतात, बाबा."

पुढे चार तास ते बोलत होते. प्रयोगशाळेबद्दल, लेकीच्या आईबद्दल, आई गेल्यावर दोघांनीही न काढलेल्या विषयांबद्दल. फार दिवसांनी त्यांना बोलायला माणूस मिळालं होतं, आणि ते उठून जाऊ शकत नव्हतं.

नव्या घरासमोर लेकीने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात तसेच ठेवले.

"बाबा, एक सांगू? मास्तर किल्ली घेऊन उभे होते. मला दिसले होते."

"मलाही."

"आता करवत शोधावी लागेल."

नापाससाहेबांनी शर्टाच्या खिशातून दुसरी किल्ली काढली. लेक किल्लीकडे बघतच राहिली.

"ही सकाळपासून तुमच्याकडे होती?"

"किल्ल्या दोन असतात. नियम आहे."

"मग तेव्हाच का नाही काढलीत?"

ते पट्ट्याकडे पाहत म्हणाले, "तू दुसऱ्यांदा विचारलं नव्हतंस."

लेकीने डोळे पुसले.

"बाबा, राहता का चार दिवस?"

"मी राहून काय करू?"

"राहा ना, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि कुलपाला किल्ली लावली.