केंजळ्यांच्या रेशनकार्डावरची चिमणी

तांबुळखेडचे शिंपी भालचंद्र केंजळे यांच्या रेशनकार्डावर मार्च महिन्यापासून कुटुंबप्रमुख म्हणून एका चिमणीचं नाव लागलं, आणि तपासून पाहता त्यात नियमबाह्य असं काही आढळलं नाही.

शासन निर्णय दोन होते. पर्यावरण खात्याचा निर्णय असा की, ज्या घरात चिमणीचं घरटं असेल आणि घरट्यात अंडी असतील, त्या घरची ती चिमणी रहिवासी सदस्य समजावी. चिमण्या कमी होत चालल्या आहेत, त्यांना हक्काचं छप्पर मिळावं, हा हेतू. अन्न खात्याचा निर्णय असा की, घरातली सर्वांत वयस्कर स्त्री हीच कुटुंबप्रमुख. बायकांचा मान राहावा, हा हेतू. दोन्ही हेतू चांगले होते. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या मजल्यांवरून निघाले होते आणि एरवी त्यांची कधी गाठ पडली नसती. ती पडली केंजळ्यांच्या दुकानात, कपडे घालून बघायच्या आरशामागे.

केंजळे चौसष्ट वर्षांचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पुढे दुकान आणि मागे एक खोली, एवढाच संसार. शाळेचे गणवेश तयार मिळायला लागल्यापासून त्यांच्याकडे येणारं काम म्हणजे पँट आखूड करणे आणि चेन बदलणे. त्यामुळे महिन्याचे रेशनचे गहू-तांदूळ म्हणजे त्यांच्या जेवणाला जोड नव्हती; जेवणच ते होतं. फेब्रुवारीत चिमणीने आरशामागे घरटं बांधलं. खाकी चिंध्या, निळा दोरा आणि कोटाच्या खांद्यात भरायचा कापूस, सगळा माल केंजळ्यांचाच. त्यांनी तिला हुसकावलं नाही. यात चूक काढायचीच तर एवढीच काढता येईल.

मार्चमध्ये शिंगटे गुरुजी मोजणीला आले. गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, पण आजवर त्यांनी माणसं मोजली होती, म्हशी मोजल्या होत्या, संडास मोजले होते, आणि यंदा त्यांच्याकडे चिमण्या आल्या होत्या.

“नाव?” गुरुजींनी मोबाइल काढून विचारलं.

“कुणाचं?”

“चिमणीचं.”

“चिमणीच की. दुसरं काय असणार?”

“मधलं नाव घातल्याशिवाय पुढे सरकत नाही हे. तुमचं घालतो.”

“माझं कशाला? लोक काय म्हणतील, गुरुजी?”

“काही म्हणत नाहीत. वरच्या आळीत प्रधानकाकूंकडे चिमणा निघाला, त्याला त्यांच्या यजमानांचं नाव लावलं. काकूंनी पेढे वाटले. नर आहे का तुमच्याकडे?”

“येतो जातो.”

“कायम वास्तव्य नाही. सोडला. वय?”

“असेल दोनेक वर्षांची.”

गुरुजींनी सोबतचा तक्ता पाहिला. चिमणीचं एक वर्ष म्हणजे माणसाची चौतीस. “अडुसष्ट,” ते म्हणाले. “तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. नातं काय लिहू? पत्नी, आई, बहीण, सून, इतर?”

“इतर!” केंजळे ओरडले.

आठवड्याने यादी रेशन दुकानाच्या भिंतीवर लागली. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या इंदूवहिनींनी ती पहिल्यांदा वाचली आणि तिथूनच हाक मारली, “अहो भावजी! चिमणी भालचंद्र केंजळे! एका शब्दानं कळवलं नाहीत हो. नेसायला काय घेतलंत?”

केंजळ्यांनी पुढच्या तीन पँटी उलट्या बाजूने शिवल्या.

एप्रिलच्या सात तारखेला ते पिशवी घेऊन रेशन दुकानात गेले. दुकानदार हुसेन तांबोळी यांनी त्यांचा अंगठा यंत्रावर टेकवू दिला नाही.

“प्रमुखांचा अंगठा लागतो, भालूशेठ.”

“प्रमुख मीच.”

“फेब्रुवारीपर्यंत.”

“हुसेन, तू मला तीस वर्षं ओळखतोस. तुझ्या निकाहाची शेरवानी मी शिवली.”

“अजून होते अंगाला. मी ओळखतो तुम्हाला, मशीन ओळखत नाही. तीस तारखेच्या आत त्यांचा अंगठा लागला नाही तर कार्ड बंद. मग मी काही करू शकत नाही आणि तुमचे आमदारही करू शकत नाहीत.”

“चिमणीला अंगठा असतो का रे?”

तांबोळींनी खिळ्याला अडकवलेलं परिपत्रक काढलं आणि बोट ठेवून वाचलं, “‘पक्षी सदस्याच्या उजव्या पायाचे मागे वळलेले बोट हाच अंगठा समजण्यात यावा.’”

केंजळ्यांनी पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, “ठीक आहे. धरून आणतो.”

“धरता येत नाही. हात लावलात तर पर्यावरणवाले गुन्हा दाखल करतात. आणि मशीन दुकानाबाहेर नेलं की बंद पडतं. त्यांनी आपल्या पायांनी, स्वेच्छेने यायचं.”

इंदूवहिनींनी चेष्टा पुरेशी झाल्यावर शेरभर कण्या दिल्या. केंजळ्यांनी आरशापासून रेशन दुकानापर्यंत कण्यांची रेघ ओढली. पहिल्या दिवशी ती कोंबड्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीच्या बाईने झाडून नेली आणि वर रस्त्यात घाण केल्याबद्दल केंजळ्यांनाच सुनावलं. तिसऱ्या दिवशी चिमणी निघाली, पहिल्या खांबापर्यंत आली, पोट भरलं तशी परत गेली. चौथ्या दिवशी केंजळे स्वतः पुढे झाले. मुठीतून चार-चार कण्या टाकत, मागे बघत, पाय न आपटता चालत राहिले. दोनशे पावलांना त्यांना पाऊण तास लागला. रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना नमस्कार केले, पण त्यांचा हात मोकळा नव्हता.

दुकानापाशी आल्यावर चिमणी पुरुषांच्या रांगेत उतरली. लगेच बायकांमधून आवाज आला, “त्यांना इकडे पाठवा. इकडे रांग लहान आहे.” चिमणी तिकडे गेली. नंबर आल्यावर यंत्रावर बसली. यंत्र म्हणालं, बोट स्वच्छ पुसून पुन्हा टेकवा. कोणी पुसायचं यावर थोडी चर्चा झाली. हात लावण्याची कुणाची तयारी नव्हती. तेवढ्यात चिमणीनेच पाय पंखावर घासला आणि टेकवला. हिरवा दिवा लागला. तांबोळींनी धान्य मापलं. केंजळे ते घेऊन घरी आले, दार लावलं आणि भात शिजत टाकला.

मेच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं उडाली आणि दोन दिवसांनी चिमणीही गेली. केंजळ्यांना वाटलं, सुटलो. त्यांनी कुटुंबप्रमुख म्हणून आपलं नाव पूर्ववत करण्याचा अर्ज लिहिला. तो टपालात पडायच्या आत त्यांनाच तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेची नोटीस आली. कुटुंबप्रमुखांनी राहण्याचं ठिकाण बदललेलं आहे. प्रमुखांचा पत्ता तोच कुटुंबाचा पत्ता असल्याने इतर सदस्यांनी पंधरा दिवसांत नव्या पत्त्यावर राहायला जावं, न गेल्यास रेशनकार्ड रद्द करण्यात येईल. नवा पत्ता: तहसील कचेरी, पुरवठा शाखा, कपाट क्रमांक सहाच्या वर.

केंजळे नोटीस घेऊन तसेच निघाले. पुरवठा निरीक्षक हेंद्रे बाई फायलीत मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या मागे लोखंडी कपाटांची ओळ होती आणि सहाव्या कपाटावर, जुन्या गठ्ठ्यांच्या मध्ये, चिमणी बसली होती.

“बाई, ही चिमणी—”

“केंजळे,” हेंद्रे बाईंनी मान वर केली, “कुटुंबप्रमुखांना एकेरीत बोलायचं नाही. त्या समोर आहेत.”

“बरं, ह्या. ह्यांचा माझा काय संबंध?”

“नात्याच्या रकान्यात ‘इतर’ आहे. तुम्हीच सांगितलंय.”

“मग मला वेगळं कार्ड द्या.”

“विभक्त कार्डाला चूल वेगळी असल्याचा पुरावा लागतो. त्यांची चूल कुठे आहे?”

“त्यांना चूलच नाही! चिमण्या स्वयंपाक करतात का?”

“म्हणजे चूल एकच आहे, तुमच्याकडची. हे एकत्र कुटुंब झालं.” बाईंनी तसं टिपून घेतलं. “शिवाय प्रमुखांची ना-हरकत लागते. विचारता का?”

केंजळ्यांनी वर पाहिलं. चिमणी एका गठ्ठ्याची नाडी सोडवत होती.

“आणि ह्या उद्या इथून उठून एसटी स्टँडवर गेल्या तर?”

“तर पत्ता बदलून मिळेल. अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर आहे.”

मग मात्र केंजळ्यांचा तोल गेला. “बाई, मी चौसष्ट वर्षांचा माणूस. गहू मी निवडतो, दळण मी आणतो, पोळ्या मी लाटतो, त्या वेड्यावाकड्या होतात त्याही मीच खातो. आणि मी जेवायचं की नाही हे कपाटावर बसून ठरवणार कोण, तर ह्या? आमच्या मंडळींनीसुद्धा एवढा अधिकार कधी गाजवला नाही हो!”

बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. “केंजळे, आमच्या कार्डावर सासूबाई प्रमुख आहेत,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “तुमच्या प्रमुख निदान घालूनपाडून तरी बोलत नाहीत. पंधरा दिवस आहेत. काय ते बघा.”

केंजळ्यांनी बघितलं. आरसा पुसला. त्याच्या मागे नवा कापूस ठेवला, रेशमाचे तुकडे ठेवले, वाटीत पाणी ठेवलं. चिमणी सहाव्या दिवशी एकदा आली, कापूस चोचीने उचकून पाहिला, त्यातला चांगला तेवढा घेतला आणि कचेरीकडे निघून गेली. दहाव्या दिवशी गुरुजींनी निरोप पाठवला की कपाटावर अंडी आहेत आणि आता पत्ता पक्का समजावा. बाराव्या दिवशी केंजळ्यांच्या डब्यात दोन मुठी तांदूळ उरला. इंदूवहिनी म्हणाल्या, “भावजी, माझ्याकडे जेवा की.” केंजळे म्हणाले, “आज जेवीन. उद्या जेवीन. रोज कुठल्या तोंडाने जेवू?” वहिनींनी या वेळी चेष्टा केली नाही.

चौदाव्या दिवशी केंजळ्यांनी शिलाई मशीन, वळकटी आणि स्टोव्ह हातगाडीवर चढवला.

कचेरीत थोडी अडचण आली. सरकारी जागेत खासगी माणसाला राहता येत नाही, असं शिपायाचं म्हणणं पडलं. हेंद्रे बाईंनी दोन्ही निर्णय काढून वाचले आणि शेरा लिहिला की, घरटं हलवता येत नाही, कुटुंबाची ताटातूट करता येत नाही, सबब केंजळे यांना कपाट सहा आणि सात यांच्यामधली जागा देण्यात यावी. स्टोव्हमुळे अभिलेखांना धोका संभवतो, म्हणून तो व्हरांड्यात पेटवावा. गुरुजींनी येऊन पंचनामा केला. रहिवासी सदस्य प्रत्यक्ष आढळले, असं त्यांनी लिहिलं आणि शिपायाची सही घेतली.

राहायला जागा वाईट नव्हती. पंखा होता. अव्वल कारकुनांनी दोन पँटी कमरेत ढिल्या करून घेतल्या. हेंद्रे बाईंचा रेशनच्या अर्जांचा गठ्ठा फाटला होता, त्याला केंजळ्यांनी नवं लाल कापड शिवून दिलं. कपाटावरून अधूनमधून काडी किंवा दोरा खाली पडायचा, तो ते उचलून गठ्ठ्याच्या कडेला ठेवायचे. पहिले दोन दिवस ते वर बघून पुटपुटत. तिसऱ्या दिवशी शिपायाने विचारलं, “चिमणी गेली का हो केंजळे?” तर ते म्हणाले, “गेली काय म्हणता? बाहेर गेल्यात. येतील.”

जूनच्या पाच तारखेला दुपारी तांबोळींचा निरोप आला की गहू आलेत, तांदूळ संध्याकाळपर्यंतच पुरेल. केंजळ्यांनी सुई टोचून ठेवली, पिशवी घेतली आणि कपाटाखाली जाऊन उभे राहिले. वर हालचाल नव्हती. ते खाकरले.

“ताई, धान्य आलंय. निघता का?”

चिमणी अंड्यांवर बसून होती. तिने एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. केंजळे पिशवी दोन्ही हातांत धरून उभेच राहिले. हेंद्रे बाईंनी लिहिणं थांबवलं, कारकुनांनी थांबवलं. बऱ्याच वेळाने चिमणी उठली, गठ्ठ्याच्या कडेवर आली, पंख झाडले आणि खिडकीतून रेशन दुकानाच्या दिशेने गेली.

“अहो, जरा सावकाश!” म्हणत केंजळे दाराकडे धावले.

“केंजळे, हालचाल रजिस्टर!” शिपाई ओरडला. “कचेरीत राहायचं तर नोंद करून बाहेर जायचं.”

केंजळे परत फिरले आणि उभ्या उभ्या लिहिलं: श्रीमती चिमणी केंजळे व कुटुंब. कारण, रेशन. गेल्याची वेळ, दोन वाजून दहा मिनिटं. परतीच्या वेळेचा रकाना त्यांनी मोकळा सोडला. ते ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं.