दोन लाद्यांमधला लवू

लवू आंबेरकराने एके दिवशी कोटेशनमधल्या ‘मी’चं ‘आम्ही’ केलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

तोवर ‘वार्तारंग कम्युनिकेशन्स’ म्हणजे लवू, लवूचा लॅपटॉप आणि नाचणे रोडवरच्या भाड्याच्या घरातलं जेवणाचं टेबल, एवढाच पसारा होता. रत्नागिरीतल्या एका दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून त्याने हा धंदा घरूनच मांडला होता. होमस्टेची फेसबुक पानं, पतसंस्थेच्या प्रेसनोटी, दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन, जे येईल ते तो लिहायचा. लिहून झालं की त्याची बायको ज्ञानेश्वरी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची. (ती एका क्लासमध्ये मराठी शिकवायची. चुका काढण्याचं कौशल्य मात्र तिने शुद्धलेखनापुरतं राखून ठेवलं नव्हतं.)

मिरकरवाडा बंदरावर रमजानभाईंचा ‘गुलशन आइस’ नावाचा बर्फाचा कारखाना होता. ट्रॉलर समुद्रावर जाताना पोट भरून बर्फ घेतात, तो अशाच कारखान्यांतून. रमजानभाईंना जाहिरात करायची होती. लवूने कोटेशन लिहिलं. ‘मी करून देईन’ हे फारच केविलवाणं दिसतंय असं वाटून त्याने ‘आम्ही करून देऊ’ असं केलं आणि पाठवलं.

रमजानभाईंचा लगेच फोन. “आम्ही म्हणजे कोण कोण हो?”

“टीम आहे ना,” लवू म्हणाला.

“मग टीमला घेऊन शुक्रवारी जेवायला या. माणसं बघितल्याशिवाय मी काम देत नाय.”

शुक्रवारी टीम इस्त्रीची साडी नेसून गेली. रमजानभाईंनी टीमला आग्रह करकरून बिर्याणी वाढली. टीमने ती पोटभर खाल्ली आणि हात धुता धुता विचारलं, “भाई, समोरच्या ‘शबनम आइस’चं काम कोण बघतं?”

लवूला ठसका लागला. शबनम आइस रमजानभाईंच्या चुलतभावाचा, जुनेदभाईंचा. आजोबांचा एकच कारखाना होता. वाटण्या झाल्या, रस्त्याच्या अल्याड-पल्याड दोन कारखाने झाले आणि त्या दिवसापासून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. बोलणं टाकलं तरी एकमेकांकडे बघणं चालूच होतं. त्यामुळे पुढच्याच आठवड्यात जुनेदभाईंचा लवूला फोन आला. “रमजानने केलंय ना? मग मलापण पायजे. त्याच्यापेक्षा मोठं.”

लवूने तत्त्वाला धरून नकार दिला. एका एजन्सीने दोन प्रतिस्पर्धी घ्यायचे नसतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

“नकार कशाला?” ज्ञानेश्वरी म्हणाली. “जुनेदभाईंना मी घेते. मुंबईतल्या मोठ्या एजन्सीत काय करतात? दोन टीम करतात आणि मध्ये भिंत घालतात.”

“भिंत कुठून आणायची?”

तिने जुनी चादर काढली, दोरी बांधली आणि जेवणाचं टेबल आणि ओटा यांच्यामध्ये भिंत घातली. अलीकडे गुलशन, पलीकडे शबनम. इकडचं तिकडे होणार नसेल तर दोन्ही भावांची हरकत नव्हती. अशा तऱ्हेने एका दुपारी एजन्सी दुप्पट झाली.

आता बर्फाबद्दल लिहायचं काय, हा प्रश्न होता. बर्फ गार असतो, हे बंदरावर सगळ्यांना माहीत होतं. लवूने बराच विचार करून गुलशनचा फ्लेक्स लावला, ‘उशिरा विरघळतो, म्हणून आपला वाटतो.’ दोन दिवसांनी समोर शबनमचा फ्लेक्स चढला, ‘आरपार दिसतो. आम्हाला लपवायचंय काय?’

लवूला ते लागलं. (लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, पण लागलं.) त्याने उत्तर दिलं, ‘दिसण्यावर जाऊ नका, टिकण्यावर जा.’

ही ओळ ज्ञानेश्वरीने बंदरावर उभं राहून दोनदा वाचली. घरी येऊन चादरीआडून तिने विचारलं, “हे कुणाला उद्देशून आहे?”

“बर्फाला.”

“बरं,” ती म्हणाली. त्यानंतर शबनमचा जो फ्लेक्स आला त्यावर लिहिलं होतं, ‘काही गोष्टी नुसत्याच टिकतात. उपयोग शून्य.’

बंदरावरची माणसं लिलाव सोडून फ्लेक्स वाचायला लागली. मासे घ्यायला आलेल्या बायका आज कोण काय म्हणालं ते विचारायच्या. ही कीर्ती गावात पसरली आणि वार्तारंगकडे कामं धावत आली. एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला ‘तसंच काहीतरी भांडणाचं’ हवं होतं. एका चष्मेवाल्याला भांडायला कुणी नव्हतं, तो म्हणाला, तुम्हीच एखादा शोधून द्या. धंदा जोरात होता. घरात मात्र बोलणं बंद झालं. जे काय सांगायचं ते ईमेलने. ‘आदरणीय सर, तूरडाळ संपली आहे. आपल्या स्तरावर कार्यवाही व्हावी.’ त्यावर लवूचं उत्तर, ‘विषय विचाराधीन आहे.’ मग दोन दिवस मुगाची.

खालच्या मजल्यावर घरमालकीण मथुराकाकू राहायच्या. वरचं बोलणं ऐकत दुपार काढायची त्यांना सवय होती. वरून आवाजच येईना, तसं त्यांना चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी लवूचा संयम सुटला. चादर बाजूला सारून तो तोंडाने बोलला. “एकदाचं होऊनच जाऊ दे. दोन्हीकडची एकेक लादी आणू. इथे हॉलमध्ये ठेवू. कुठला बर्फ टिकतो ते डोळ्यांनी बघ.”

“बघू,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “पण मोजायला तुम्ही नाही. अनिल सरांना बोलावणार मी.” अनिल सर पलीकडच्या गल्लीतले, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक.

भर दुपारी टेम्पो आला. त्या वेळी लवू आंघोळीला गेला होता आणि ज्ञानेश्वरी मसाल्यासाठी कांदा चिरत होती. डोळे पुसत तिने दार उघडलं. गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लाद्या खांद्यावरून वर आणून टेम्पोवाल्या सागरने हळू आवाजात विचारलं, “कुठं ठेवू, वहिनी?”

“हॉलमध्ये. मध्ये माणूस मावेल एवढी जागा सोड.” (निरीक्षण करायला ती जागा हवी होती.)

सागरने लाद्या ठेवल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि न सांगता पंखाही बंद केला. तिने भाड्याचं विचारलं तर तो दोन पावलं मागे सरला. “नको वहिनी. अशा वेळी आम्ही भाडं घेत नाय.” हात जोडून तो जिना उतरला. केवढा सालस मुलगा, असं मनात म्हणत ज्ञानेश्वरी अनिल सरांना आणायला गेली.

आता कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको की घरात बर्फाच्या लाद्या कधी आणतात. घरात कुणी गेलं आणि मुलं-भाऊ मुंबईहून यायचे असले, की तोवर ठेवायला बर्फ लागतो. सागरने जाता जाता मथुराकाकूंना विचारलं, “वर कोण गेलं हो?”

काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. “तरीच! तरीच म्हटलं, वरनं आवाज कसा नाय!”

इकडे लवू आंघोळ करून पंचा नेसून बाहेर आला. घर बंद, पंखा बंद, बाहेर आग ओतत असलेली आणि मधोमध दोन लाद्यांचा गारवा. त्याने लाद्यांकडे शास्त्रीय नजरेने पाहिलं. मग जास्त जवळून पाहायला तो मधल्या जागेत आडवा झाला, ओला टॉवेल तोंडावर घेतला आणि असा काही झोपला की तसा गेल्या कित्येक दिवसांत झोपला नव्हता.

काकू धापा टाकत वर आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जे दिसलं त्यावर आणखी कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

लवूला जाग आली तेव्हा त्याच्या भोवती माणसं होती. टॉवेलआडून त्याला नुसते आवाज ऐकू येत होते.

“मुंबईहून कोण यायचंय?”

“भाऊ असेल. रात्रीपर्यंत पोचेल.”

“ग्रुपवर टाकलं का?”

“टाकलं. फोटो शोधत होतो. आधार कार्डातला मिळाला.”

आपण मेलो आहोत हे लवूच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्याने उठायला हवं होतं. कुठलाही समंजस माणूस उठला असता. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “माणूस मात्र...” आणि थांबलं. स्वतःबद्दलचं ते पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय लवूला उठवेना.

“माणूस मात्र तसा निरुपद्रवी होता,” काकू म्हणाल्या.

“होता,” दोघा-तिघांनी दुजोरा दिला.

लवू आणखी काही येतंय का याची वाट बघत पडून राहिला. भाडं वेळेवर द्यायचा असं एकाने सांगितलं. ते त्याची बायको द्यायची, असं काकूंनी दुरुस्त केलं. त्यानंतर विषय आंब्याच्या पेट्यांकडे वळला.

तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. ग्रुपवरचा निरोप बंदरावर पोचला होता. रमजानभाई आणि जुनेदभाई दोघेही आले होते, आणि बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं, एकाच गाडीतून. रमजानभाईंची गाडी चालू होत नव्हती, म्हणून जुनेदभाईंनी काही न बोलता आपल्या गाडीचं दार उघडलं होतं.

“कुणाचा बर्फ रे हा?” रमजानभाईंचा घोगरा आवाज.

“एक तुझा, एक माझा.”

“माझा जास्त राहिलाय.”

“रमजान, समोर मयत हाय.”

मग रमजानभाईंनी नाक ओढलं. “जुनेद, आपल्या भांडणापायी गेला रे बिचारा. रोज काय ते लिहायचं, डोक्याला ताप.”

“एक कारखाना आजोबांना पुरला,” जुनेदभाई म्हणाले, “आपल्याला दोन कशाला पायजेत?”

दोन जाडजूड माणसांनी एकमेकांना मिठी मारल्याचा आवाज लवूने ऐकला. दोन गिऱ्हाइकांचं एक होताना तो ऐकत होता, आणि मेलेल्या माणसाला मध्ये बोलता येत नाही.

अनिल सरांची वामकुक्षी संपायची वाट बघून ज्ञानेश्वरी त्याच वेळी त्यांना घेऊन आली. जिन्यावर चपलांचा ढीग होता. माणसांनी तिला वाट करून दिली, बायकांनी तिचे दंड धरले. आडवा पडलेला नवरा, तोंडावर पांढरा टॉवेल. तिच्या हातातली पर्स गळून पडली.

“अहो!” ती ओरडली. तसा आवाज लवूने आजवर तिच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याला एकदम भरून आलं. आता उठावं, तिची माफी मागावी, तूरडाळ आणावी, असं सगळं त्याच्या मनात एकदम आलं आणि तो क्षणभर नुसताच भरून येऊन पडून राहिला.

“वहिनी, धीर धरा,” जुनेदभाई म्हणाले. “उद्यापासनं सगळे फ्लेक्स उतरवतो. दोन्हीकडची जाहिरात बंद.”

“बंद कशाला?” लवू ताडकन उठून बसला.

किंकाळ्या झाल्या. दोघे तिघे जिन्यावरून पायांत चपला न घालताच खाली गेले. अनिल सरांनी लवूची नाडी धरली आणि ती चालू असल्याचं जाहीर केलं. काकूंनी आधी देवाचे आभार मानले आणि मग खाली छतातून पाणी गळत असल्याचं सांगितलं. लोक जमलेच होते, तेव्हा कुणीतरी लाद्या फोडल्या आणि काकूंनी कोकम सरबत केलं. दोन्ही बर्फ एकाच पातेल्यात पडले. कुठला जास्त टिकला ते पुढे कधीच कळलं नाही.

गर्दी पांगल्यावर ज्ञानेश्वरी फरशी पुसत बसली. लवू शेजारी बसून दुसऱ्या फडक्याने पुसायला लागला.

“मी हाक मारली तेव्हा तुम्ही जागे होतात?”

लवूने फडकं पिळलं. “अगं, उठतच होतो.”

“माझ्या हाकेला उठला नाहीत. जाहिरातीला उठलात.”

लवूने फरशीचा तोच तुकडा पुन्हा पुसला.

भावांनी खरंच कारखाने एकत्र केले. भांडण पुन्हा सुरू करा, अशी विनंती लवूने एकदा दबकत करून पाहिली. रमजानभाई म्हणाले, “तुझ्या मयतीवर मिटवलंय. आता तू जिता हायस म्हणून परत काढलं तर लोक काय म्हणतील?” एकत्र कारखान्याचं सगळं काम त्यांनी वहिनींकडे दिलं. त्यांच्या मते, नवरा समोर पडलेला असताना जी बाई पंच घेऊन येते, तिच्यात धंद्याची समज होती.

ते काम मोठं निघालं. साळवी स्टॉपला गाळा घेतला, फिजा नावाची हुशार डिझायनर आली, दारावर पाटी लागली. कुठलाही मजकूर ज्ञानेश्वरीने बघितल्याशिवाय बाहेर जायचा नाही, असा नियम झाला. चादर धुऊन पलंगावर गेली.

लवूला एकच गोष्ट टोचत होती. ग्रुपवरच्या त्याच्या श्रद्धांजलीला शेकडो जोडलेले हात आले होते आणि अजून येत होते. रस्त्यात भेटलेली माणसं दचकायची. शेवटी त्याने दोन दिवस खपून स्वतःबद्दलची एक प्रेसनोट लिहिली. सुरुवात, मुद्दे, शेवट, सगळं जागच्या जागी. आपण हयात असून प्रकृती ठणठणीत आहे, असा तिचा सारांश होता. नियमाप्रमाणे त्याने ती मंजुरीसाठी ज्ञानेश्वरीच्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी प्रेसनोट परत आली. शुद्धलेखनाची एकही चूक निघाली नव्हती. फक्त मजकुरावर वरपासून खालपर्यंत लाल पेनाने एक तिरकी रेघ होती, आणि समासात लिहिलं होतं, ‘यात बातमी काय?’