माल कुठे आहे हे कळण्याची सोय

माल पोहोचणे आणि माल कुठे आहे हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, प्रगत समाज दुसरीला अधिक मान देतो. मोबाईल येण्यापूर्वी कळवणहून पहाटे निघालेला टेम्पो बाजार भरायच्या आत नाशकात उभा असे. पण मधल्या अडीच तासांत तो नेमका कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नसे. लोक तशाही अवस्थेत निवांत चहा पीत.

हा मागासलेपणा २००४ साली आमच्या फूल-भाजी वाहतूक संघाने संपवला. गंगापूर रोडच्या कार्यालयात एक मोबाईल ठेवला (त्याच्यासाठी टेबल आणि टेबलासाठी व्यवस्थापक ज्ञानेशराव नेमले), आणि प्रत्येक टेम्पोत एकेक दिला. बोलायला पैसे पडतात, म्हणून सगळा कारभार मिस्ड कॉलवर. एक म्हणजे माल भरला, दोन म्हणजे अर्धी वाट झाली, तीन म्हणजे पंक्चर. (चार म्हणजे काय, यावर दोन बैठका झाल्या.) दोन दिल्यावर ज्ञानेशराव वहीत नोंद करून उलट एक देत, आणि तो आल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम होता.

अर्ध्या वाटेवर रेंज मिळे ती वणीजवळच्या एकाच चढावर, तीही टपावर उभं राहून हात उंच केल्यास. त्यामुळे गाड्या तिथे थांबून राहत आणि कुठे आहेत ते कार्यालयाला बिनचूक कळे. पहिल्या सहामाहीत २१२ खेपांपैकी २११ खेपांचा ठावठिकाणा लागला. उरलेली एक वेळेवर पोहोचली. तिचा चालक केरू याला आठ दिवस घरी बसवण्यात आले.

दसऱ्याच्या सकाळी याच केरूच्या टेम्पोत कळवणकडच्या मालनबाईचा झेंडू होता, आणि झेंडूसोबत ती स्वतः. बाईने भर उन्हात कळशीने पाणी घालून तो जगवला होता, आणि दसऱ्याचा झेंडू दुपारी बारापर्यंतच झेंडू असतो. सहा वाजता केरू टपावर चढला. फोनमधली बाई म्हणाली, सर्व लाइनी व्यस्त आहेत. सात वाजता तेच. आठ वाजताही तेच.

"केरूभाऊ, रस्ता मोकळा हाय, गाडी धड हाय. मंग थांबला कशापायी?"

"नोंद नाय झाली, मावशी. मागं वेळेवर पोचलो, तर आठ दिवस चूल थंड व्हती."

"अरं, पन फुलं मरत्यात!"

"फुलांचा मिस्ड कॉल नाय ठरला अजून."

दहा वाजता मालनबाई खाली दगडावर बसून रडली. (रडण्याचाही ठरलेला नाही.) आम्हाला या ठिकाणी संताप येतो, पण अहवालात संतापाचा रकाना नसल्याने पुढे जातो.

एक वाजता कॉल लागला आणि उलट कॉलही आला. अडीचला टेम्पो बाजारात पोहोचला, तेव्हा तिथे झाडू मारून झाला होता. मालनबाईने स्वतःच्या हाताने सगळा झेंडू फाटकाबाहेर ओतला. गाईंनी हुंगला आणि सोडून दिला. ज्ञानेशरावांनी नोंद केली : 'माल कुठे आहे ते पूर्णपणे ज्ञात.'

संघाने रीतसर चौकशी केली. मोबाईल कंपनीने कळवले की यंत्रणेत कसलाही दोष नव्हता. त्या सकाळी सहापासून एकपर्यंत जिल्ह्यातून 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' हा एकच निरोप इतका पाठवला गेला, की दुसऱ्या कशालाही वाट उरली नाही. बरेचसे निरोप तर या गॅलरीतून समोरच्या गॅलरीत गेले होते.

दोषींची यादी संघाने मागवली आहे. तुम्हाला आठवत असेल : तुम्ही तो एकूण चाळीस जणांना पाठवलात, आणि मग दारात उभं राहून, यंदा तोरणाला झेंडूच मिळाला नाही म्हणून शेतकऱ्यांना नावं ठेवलीत.