अण्णांचा पीपी नंबर

अण्णा चौबळांच्या घरातला जुना फोन वाजला, की अण्णांच्या अंगात वीरश्री संचारायची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी फोनवरच्या भामट्यांबद्दल इतकं वाचलं होतं, की भामट्यांनीच त्यांच्याकडे शिकवणी लावावी. सोमवारी दुपारी तो वाजला.

"हॅलो, मी पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्या—"

"असं? मग मी हायकोर्टातून बोलतोय!" अण्णांनी रिसीव्हर आपटला आणि विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. "डिजिटल अरेस्ट!"

"अहो, काय म्हणतोय ते तरी ऐकायचं," सुचेताकाकू म्हणाल्या.

"ऐकून घेतात तेच फसतात."

संध्याकाळी शेजारची बदरुन्निसा डोळे पुसत दारात उभी राहिली. तिचा नवरा युनूस सकाळी टेंपो घेऊन साजगावला माल पोचवायला गेला, तो परतलाच नव्हता. मोबाईलही बंद. आणि शुक्रवारी त्यांच्या अल्मासचा निकाह.

"आमच्यात बापाच्या होकाराशिवाय मुलीचा निकाह लागत नाय, अण्णा. मांडव घातलाय, आनि बापच नाय!"

"रडू नको गं. मी शोधून काढतो त्याला," अण्णा म्हणाले. युनूस लहानपणापासून त्यांच्या ओसरीवर खेळलेला.

अण्णा नुसतं बोलून थांबणारे नव्हते. युनूसचा धाकटा भाऊ अब्रार याच्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी कर्जतचे दवाखाने पालथे घातले, खोपोली धुंडाळली, खालापूरच्या पोलीस ठाण्यात चौकशी केली, पण तिथं काही नोंद नव्हती. साजगावच्या कारखान्याचा वॉचमन तेवढा कामाचं बोलला. "टेंपो हितंच हाय. साध्या कपड्यातली दोन मानसं आली नि त्याला गाडीत घालून घाटाकडं गेली."

हे ऐकून बदरुन्निसानं अन्न सोडलं.

या धावपळीत घरचा फोन अधूनमधून वाजत होताच. अण्णा दमून आलेले असायचे, पण भामट्यांना सोडायचे नाहीत.

"हॅलो, मी तुरुंगातून—"

"तिथंच राहा!" अण्णा ओरडले आणि फोन ठेवला. भामट्यांनी आता पोलीस सोडून कैद्याचं सोंग घ्यावं, याचं त्यांना हसूही आलं.

गुरुवारी निकाह पुढं ढकलायचा का, हे ठरवायला सगळे अण्णांच्याच दिवाणखान्यात जमले. काझीसाहेब होते, अब्रार होता, कोपऱ्यात मेंदीचे हात मांडीवर पालथे ठेवून अल्मास बसली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आला भामटा," अण्णा म्हणाले. "बघाच आता कसा पळवून लावतो." त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. "बोल रे चोरा!"

"अण्णा, पाया पडतो, फोन ठेवू नका! मी युनूस!"

अण्णांचा हात सवयीनं रिसीव्हरकडे गेला, तो बदरुन्निसानं वरच्यावर पकडला.

"मी घाटावरच्या तुरुंगात हाय. मागं टेंपोनं एका दुकानाची पायरी तुटली, त्या केसच्या तारखा मी इसरलो. वॉरंट निघालं. जामिनाचं सोमवारी हाय."

"पन घरी का नाय कळवलंत?" बदरुन्निसा ओरडली.

"मोबाईल काढून घेतला. नंबर सांग म्हनाले. तुझा नंबर मला कुठं पाठ हाय गं? एकच पाठ हाय. शाळेत, दवाखान्यात, दुबईच्या चाचाला, सगळीकडं अण्णांचाच दिलेला, पुढं पीपी लिहून."

खरंच, एके काळी आख्ख्या आळीत हा एकच फोन होता; शेजाऱ्याचा नंबर म्हणून पुढं पीपी लिहून सगळे तोच देत. ज्याचा फोन येईल त्याला हाक मारायला अण्णा चपला घालून धावायचे. जन्म, मरण, नोकऱ्या, सगळं याच फोनवरून आळीत आलं होतं. सगळे त्या फोनकडे थक्क होऊन बघत राहिले, जणू तो आत्ताच बोलायला शिकला होता.

"याच्या आदी नाय का केलात फोन?" बदरुन्निसानं विचारलं.

"पोलिसांनी केला. मी केला. अण्णा म्हनाले तिथंच राहा. म्हनून राहिलोय."

सुचेताकाकूंनी नवऱ्याकडे फक्त पाहिलं.

"येळ संपत आला," युनूस घाईनं म्हणाला. "काझीसाहेब, तुमी ऐकताय ना? माझ्या अल्मासचा निकाह लावायचा हक्क मी माझ्या भावाला, अब्रारला देतो. अल्मास, बेटा..."

तेवढ्यात फोन बंद झाला. बदरुन्निसानं पदरानं तो फोन हळूच पुसला. अण्णांना लाज वाटली.

निकाह शुक्रवारी ठरल्या वेळी लागला.

शनिवारी पुन्हा फोन वाजला. अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि अदबीनं रिसीव्हर उचलला.

"मी दिल्लीहून मोठा अधिकारी बोलतोय," आवाज दरडावून म्हणाला. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय. तुम्हाला अटक होणार!"

"नमस्कार साहेब. फोन ठेवू नका हं, बोलावून आणतो," म्हणत अण्णा एकाच पायात चप्पल घालून धावले.

पिठाचे हात घेऊन बदरुन्निसा पळत आली. मागून अब्रार आला, अर्धी आळी आली. तिनं रिसीव्हर दोन्ही मनगटांत धरला.

"पार्सलचं मागनं बघू, साहेब. आदी सांगा, अल्मासचे अब्बा जेवले का?"

मग भामट्यानंच फोन ठेवला.